गोठा, पागा आणि तरुणांचे मनःस्वास्थ्य : शुश्रूषा-शेतीचे अर्थशास्त्र

(अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजचा विषय अर्थशास्त्राच्या व्याख्यानाला शोभणारा नाही, असे आपल्यापैकी अनेकांना वाटेल. घोडे, गाई, शेळ्या-मेंढ्या यांच्यासोबत काम करून किशोरवयीन व तरुण मुलांचे मानसिक स्वास्थ्य सुधारता येते काय, हा प्रश्न सामान्यतः मानसशास्त्राच्या दालनात टाकला जातो. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत युरोपातील काही देशांनी त्याला सार्वजनिक वित्ताचा प्रश्न बनविले आहे. एखाद्या शेतकऱ्याने आपल्या गोठ्यात शाळेतून बाहेर पडलेल्या, स्वतःवर आणि जगावर रुसलेल्या मुलाला दिवसभर सामावून घेतले, तर त्या सेवेचे मूल्य कोणी ठरवावे, ते कोणी द्यावे आणि किती काळ द्यावे? दूध आणि अंडी यांना बाजारभाव असतो. या सेवेला तो नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या विषयाकडे वळतो तो याच ठिकाणी.

आपल्या देशातील परिस्थिती प्रथम लक्षात घेऊ. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींमध्ये मानसिक विकाराची लक्षणे आढळली. महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के, तर ग्रामीण भागात ६.९ टक्के होते. (यावरून खेड्यात गुरेढोरे आहेत म्हणून तेथील मुले सुखी आहेत, असा निष्कर्ष जो उत्तरपत्रिकेत लिहील तो गुण गमावील, सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे.) राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘टेलि-मानस’ ही १४४१६ या क्रमांकावरील दूरध्वनी सेवा सुरू केली, आणि २०२३-२४ च्या आर्थिक सर्वेक्षणात मानसिक आरोग्याच्या विषयाची प्रथमच स्वतंत्र दखल घेतली गेली. असे असले तरी प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञांची संख्या अल्प आहे आणि ती एकाएकी वाढणारी नाही. त्यामुळे रुग्णालयाबाहेर, सामान्य माणसांच्या हातून काय घडू शकते, याचा विचार करणे आपल्याला भाग आहे.

जनावराची गरज हेच औषध

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील यॉर्क येथे विल्यम ट्यूक यांनी १७९६ मध्ये मनोरुग्णांसाठी स्थापन केलेल्या ‘रिट्रीट’ या आश्रयस्थानाच्या अंगणात ससे आणि कोंबड्या मुद्दाम पाळल्या जात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील ‘ग्रीन चिमनीज’ ही संस्था १९४७ पासून अडचणीतील मुलांना शेतावरील जनावरांच्या सहवासात शिकवीत आली आहे. घोड्यांच्या बाबतीत जगाचे लक्ष वेधले ते डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी. १९४४ मध्ये पोलिओने त्यांचे गुडघ्याखालील पाय निकामी झाले. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अश्वारोहणाच्या ‘ड्रेसाज’ या प्रकारात त्यांनी रौप्यपदक मिळविले. घोड्यावर चढण्या-उतरण्यासाठी मात्र त्यांना मदत लागे. त्यानंतर अनेक देशांत अपंग मुलांसाठी अश्वारोहणाची केंद्रे निघाली. मनाच्या स्वास्थ्यासाठी घोड्याचा उपयोग हा पुढे त्यातूनच फुटलेला फाटा होय.

प्रत्यक्ष काम कोणते असते? यात स्वारीला फारसे महत्त्व नसते. मुलगा सकाळी येतो, पागेतील लीद काढतो, पाणी भरतो, घोड्याला खरारा करतो, खूर उचलून त्यात रुतलेले खडे काढतो. येथे एक साधी गोष्ट घडते. पन्नास-पंचावन्न किलो वजनाच्या मुलासमोर साडेचारशे-पाचशे किलोंचे जनावर उभे असते. त्याला ढकलून हलविता येत नाही. घोडा मूलतः भक्ष्य ठरणारा प्राणी असल्यामुळे जवळ येणाऱ्याच्या चालीतील घाई, आवाजातील चीड, अंगातील ताठरपणा तो तत्काळ ओळखतो. कान मागे पाडतो, मान वळवितो, दूर सरकतो. मुलाने श्वास सावकाश केला, खांदे सैल सोडले, की घोडाही निवळतो. शिक्षकाने वा पालकाने ‘शांत हो’ असे शंभरदा सांगूनही जे साधत नाही ते येथे कोणीही न सांगता साधण्याची शक्यता असते, कारण घोड्याच्या प्रतिसादात उपदेश नसतो.

गाईच्या गोठ्यात तत्त्व तेच, पण स्वरूप वेगळे. धारेची वेळ ठरलेली असते. आदल्या रात्री झोप लागली नसली, घरी भांडण झाले असले, तरी गाय वाट पाहते. वासराला बाटलीने दूध पाजावयाचे असेल तर ते कोणाला तरी पाजावेच लागते. ‘तुझी येथे गरज आहे’ हे वाक्य कोणताही समुपदेशक उच्चारू शकतो. गोठ्यात ते उच्चारावे लागत नाही, कारण ते खरे असते. माझ्या मते या सर्व उपक्रमांचा गाभा येथे आहे. जनावराची गरज खोटी असेल, म्हणजे मुलांना दाखविण्यासाठी चार शेळ्या बांधून ठेवलेल्या असतील, तर किशोरवयीन मुलांच्या ते लगेच लक्षात येते.

नेदरलँड्सचा अनुभव

या कल्पनेला व्यापक संस्थात्मक रूप देणाऱ्या देशांत नेदरलँड्स अग्रेसर आहे. तेथे अशा शेतांना ‘झोर्खबूर्डरै’ म्हणतात. ‘झोर्ख’ म्हणजे काळजी वा शुश्रूषा आणि ‘बूर्डरै’ म्हणजे शेतकऱ्याचे शेत-घर. मराठीत आपण ‘शुश्रूषा-शेती’ म्हणू. १९९८ मध्ये अशी सुमारे ७५ शेते होती. पुढील दहा-बारा वर्षांत त्यांची संख्या हजारावर गेली. मतिमंदत्व असलेल्या व्यक्ती, वृद्ध, व्यसनमुक्त होऊ पाहणारे यांच्याबरोबरच शाळेत न रुळणारी, स्वमग्न किंवा वर्तनविषयक अडचणी असलेली मुले तेथे आठवड्यातून काही दिवस येतात. काही उपक्रमांत तरुण मुले सहा-सहा महिने शेतकरी कुटुंबाजवळच राहतात व रोजच्या कामात भाग घेतात.

ही वाढ केवळ करुणेतून झाली असे समजण्याचे कारण नाही. डच शेती त्या काळात कोंडीत सापडली होती. १९८४ पासून युरोपीय समुदायाने दूध-उत्पादनावर कोटा लादला होता (तो ३१ मार्च २०१५ रोजी संपला). शेणखताच्या विल्हेवाटीवरील निर्बंध कडक होत होते. १९९७ मध्ये डुकरांना ज्वराची साथ आली आणि ती आटोक्यात आणण्याच्या प्रयत्नांत सुमारे एक कोटी डुकरे नष्ट करावी लागली. २००१ मध्ये लाळ-खुरकुताने तडाखा दिला. लहान व मध्यम शेतकरी उत्पन्नाचा दुसरा मार्ग शोधत होता. त्याच सुमारास आरोग्यव्यवस्थेत ‘व्यक्तिगत अंदाजपत्रक’ ही पद्धत आली होती. दीर्घकालीन शुश्रूषेची गरज असलेल्या व्यक्तीच्या वाट्याचा निधी संस्थेला न देता तिच्याच हाती द्यायचा आणि सेवा कोणाकडून घ्यावी हे तिने वा तिच्या पालकांनी ठरवावे, अशी ती योजना होती. पालकांनी त्यातील काही निधी शेतकऱ्याकडे वळविला. अनुदानाची दिशा पुरवठ्याकडून मागणीकडे वळली की नवे पुरवठादार निर्माण होतात, या सिद्धान्ताचे याहून स्पष्ट उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल. अनेक शेतांवर पती गोठा पाहत असे आणि परिचारिका किंवा समाजसेविका म्हणून शिक्षण घेतलेली पत्नी या शाखेची सूत्रे सांभाळत असे. शेतीतील स्त्रीच्या कौशल्याला प्रथमच स्वतंत्र उत्पन्न मिळाले, हीदेखील उल्लेखनीय बाब होय.

मोबदल्याचे एकक सामान्यतः अर्धा दिवस हे असते. इतक्या व्यक्ती, इतके अर्धे दिवस, ठरलेला दर. हिशेबाला हे सोयीचे आहे, परंतु याच हिशेबात एक सापळा आहे. डोक्यांच्या संख्येवर पैसे मिळू लागले की संख्या वाढविण्याचा मोह होतो. शुश्रूषेचे उत्पन्न दुधाच्या उत्पन्नाहून स्थिर असल्यामुळे काही शेतकरी हळूहळू जनावरे कमी करतात आणि येणारी माणसे वाढवितात. अखेर दुग्धव्यवसाय थांबतो, गोठ्याची दुरुस्ती करून तेथे बैठकीची खोली तयार होते, आणि चार-दोन पाळीव जनावरे शोभेला उरतात. आता मुलाला दिलेले काम हे करमणुकीसाठी शोधून काढलेले काम ठरते. म्हणजे ज्या गुणासाठी पैसे दिले तो गुणच पैशाने नाहीसा होतो. सार्वजनिक निधीतून सेवा विकत घेणाऱ्या प्रत्येक यंत्रणेने हा धोका ओळखला पाहिजे. तो केवळ शेतीपुरता नाही.

दुसरी अडचण प्रशासकीय होती. १ जानेवारी २०१५ पासून युवकांच्या शुश्रूषेची जबाबदारी केंद्रीय व प्रांतिक पातळीवरून नगरपालिकांकडे सोपविण्यात आली. स्थानिक गरजा स्थानिक संस्थेला अधिक कळतात, हे विकेंद्रीकरणाचे तत्त्व योग्यच आहे. परंतु त्यासोबत खर्चात कपात अपेक्षित होती. त्या वेळी देशात ३९३ नगरपालिका होत्या. शेजारच्या दोन-तीन नगरपालिकांतून मुले येत असतील तर शेतकऱ्याला तितके वेगवेगळे करार करणे आणि तितक्या पद्धतीने हिशेब देणे भाग पडले. त्याच वर्षी व्यक्तिगत अंदाजपत्रकाची देयके मध्यवर्ती यंत्रणेमार्फत देण्याची नवी पद्धत सुरू झाली आणि पहिल्या काही महिन्यांत हजारो देयके अडकून पडली. मोठी रुग्णालये असा धक्का पचवितात. तीस गाई सांभाळणाऱ्या कुटुंबाला तो जड जातो.

इतर देशांनी वेगळ्या वाटा चोखाळल्या. नॉर्वेत ‘इन पो तूने’, म्हणजे ‘शेतघराच्या अंगणात’, या नावाने अशा सेवा ओळखल्या जातात आणि शेतांना मान्यता देण्याची गुणवत्तापद्धती तेथे आहे. इटलीने २०१५ मध्ये १४१ क्रमांकाचा कायदा करून ‘सामाजिक शेती’ची व्याख्याच विधिसंमत केली. कायदा झाला म्हणून निधी मिळतोच असे नाही, हे वेगळे सांगावयास नको.

पुरावा किती भक्कम?

आता शास्त्रीय पुराव्याकडे वळू. या विषयावर उत्साहाने बोलणारे पुष्कळ आहेत. मोजमाप करणारे थोडे. नॉर्वेतील संशोधकांनी २००८ मध्ये ९० प्रौढ मनोरुग्णांवरील यादृच्छिक नियंत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाने बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, तीन-तीन तास शेतावरील जनावरांसोबत काम केले. उपक्रम संपल्यानंतर सहा महिन्यांनी या गटाचा स्वतःच्या कार्यक्षमतेवरील विश्वास वाढलेला दिसला. जीवनमानाविषयीच्या समाधानात मात्र तुलनात्मक गटाहून लक्षणीय फरक आढळला नाही.

आपल्या विषयाला अधिक जवळचा अभ्यास २०१४ मधील, तोही नॉर्वेचाच. १२ ते १५ वर्षांच्या ४९ मुलामुलींना चार महिने घोड्यांसोबत काम देण्यात आले. आत्मसन्मान व आत्मविश्वास यांत फरक पडला नाही. फरक पडला तो ‘मला इतरांचा आधार आहे’ या भावनेत. हा निष्कर्ष मला फार बोलका वाटतो. घोड्याने मुलांना धीट केले नसेल. पण पागेत एकत्र काम करताना, एकमेकांना खोगीर उचलू लागताना, जवळ माणसे आहेत हे त्यांना जाणवले असावे. त्याच वर्षी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील संशोधकांनी पाचवी ते आठवीच्या मुलांसाठीच्या अकरा आठवड्यांच्या अश्व-उपक्रमानंतर लाळेतील कॉर्टिसॉल या ताण दर्शविणाऱ्या संप्रेरकाचे दुपारचे प्रमाण कमी झाल्याचे दाखविले.

याउलट, २०१४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेने घोड्यांच्या साहाय्याने केलेल्या मानसोपचारांवरील १४ अभ्यास तपासून, त्यांतील रचनात्मक दोष पाहता या उपचारांना पुरेसा अनुभवसिद्ध आधार नाही, असा स्पष्ट निर्वाळा दिला. नमुने लहान, तुलनेचा गट नाही किंवा सदोष, नावीन्याचा परिणाम वेगळा न काढलेला, हे आक्षेप रास्त आहेत. म्हणून नैराश्य किंवा अन्य विकार असलेल्या मुलाला औषधे व समुपदेशन थांबवून पागेत पाठविणे हा अविवेक ठरेल. पूरक आधार म्हणून या उपक्रमाचा दावा मान्य करता येतो. पर्यायी उपचार म्हणून नाही.

धोक्यांचाही उल्लेख केला पाहिजे. नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० या काळात दुभत्या शेळ्यांमधून पसरलेल्या ‘क्यू ज्वरा’चे चार हजारांच्या आसपास रुग्ण नोंदले गेले. आपल्याकडे ब्रुसेलोसिस आहे, रेबीज आहे. लसीकरण, हातमोजे, साबण-पाणी आणि नियमित पशुवैद्यकीय तपासणी यांचा खर्च अंदाजपत्रकात धरला नाही तर तो नंतर कोणीतरी आजारपणाच्या रूपाने भरतो. जनावराच्या विश्रांतीचाही विचार हवा. दिवसभर वेगवेगळ्या अनोळखी हातांनी हाताळलेला घोडा चिडतो.

भारतात काय शक्य आहे?

भारतापुरते बोलायचे तर घोडा ही महागडी निवड आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ६.२५ लाख घोडे व तट्टे होती. २०१९ च्या विसाव्या गणनेत ती ३.४ लाखांवर आली, म्हणजे ४५.६ टक्के घट. याउलट त्याच गणनेत गाई-बैल १९.२५ कोटी, म्हशी १०.९८ कोटी आणि शेळ्या १४.८९ कोटी होत्या. सैन्य, पोलीस दल किंवा हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रासारख्या संस्था जेथे आहेत तेथे घोड्यांचे प्रयोग करता येतील. अन्यत्र शेळी आणि गाय हेच आपले व्यवहार्य साथीदार आहेत. शेळीचे करडू घोड्याइतके रुबाबदार नसते, पण त्याची भूक तितकीच खरी असते.

मात्र येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. आपल्या देशातील लक्षावधी मुले, विशेषतः मुली, आजही शाळेआधी शेण काढतात, चारा आणतात, गुरे राखतात. त्यांना त्यातून मनःस्वास्थ्य लाभते असे कोणी म्हणेल काय? तेच काम एका मुलासाठी आधार आणि दुसऱ्या मुलीसाठी जाच ठरते, याचे कारण कामात नाही. निवडीचे स्वातंत्र्य, कामाचे तास आणि सोबत असलेल्या प्रौढ व्यक्तीची वागणूक यांत आहे. बालकामगार प्रतिबंधक कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी आहे. शाळेच्या वेळेनंतर वा सुटीत कुटुंबाच्या धोकारहित व्यवसायाला मदत करण्याचा अपवाद आहे. १४ ते १८ वयोगटासाठी धोकादायक कामे निषिद्ध आहेत. उद्या एखाद्या दुग्धव्यावसायिकाला मुले सांभाळण्यासाठी अनुदान मिळाले आणि त्याने गडी कमी करून मुलांकडून गोठा चालविला, तर त्याला शुश्रूषा म्हणता येणार नाही.

हा वाद आपल्याला अपरिचित नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी उत्पादक हस्तव्यवसायाभोवती शिक्षणाची उभारणी करण्याची कल्पना मांडली. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च भागवावा, या तिच्यातील भागावर अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी आक्षेप घेतले होते. काम खरे असले पाहिजे हा गांधीजींचा आग्रह आणि उत्पन्नाची अपेक्षा जडली की मूल मागे पडते ही शाह यांची शंका, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बरोबर आहेत असे मला वाटते. डच शेतकऱ्याच्या गोठ्यात नेमका हाच ताण दिसतो, फक्त उलट दिशेने: तेथे शुश्रूषेचे उत्पन्न कामाच्या खरेपणाला गिळू पाहते.

म्हणून आरंभ कोठून करावा याविषयी माझे मत असे आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बालगृहातून १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी २१ वर्षांपर्यंत ‘पश्चात देखभाल’ पुरविण्याची तरतूद आहे. २०२२ च्या ‘मिशन वात्सल्य’च्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी दरमहा ४,००० रुपयांचे साहाय्य धरले आहे. हे तरुण सज्ञान असल्याने बालमजुरीचा प्रश्न उद्भवत नाही. त्यांना निवारा, व्यवसायाचे शिक्षण आणि भरवशाचे प्रौढ माणूस या तिन्ही गोष्टींची गरज असते. दुसरीकडे देशात सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत, पशुवैद्यक महाविद्यालयांची स्वतःची पशुप्रक्षेत्रे आहेत, सहकारी दूध संघांचे अनुभवी सभासद आहेत. या दोन बाजू जोडण्यासाठी नवे मंत्रालय नको.

प्रयोग लहान असावा. एका शेतावर दोन किंवा तीनपेक्षा अधिक तरुण नसावेत. शेतकऱ्याला पैसे द्यावेत ते डोक्यांच्या संख्येवर नव्हे, तर त्याने शिकविण्यासाठी दिलेल्या वेळेसाठी. आणि शेताचे निम्म्याहून अधिक उत्पन्न दूध, करडे वा पिके यांतूनच येत राहील अशी अट करारात असावी. तरुणाने केलेल्या उत्पादक कामाची मजुरी स्वतंत्रपणे त्याच्या बँक खात्यात जमा व्हावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील समुपदेशकाने महिन्यातून एकदा शेतावर जावे. अर्ज करणाऱ्यांतून चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना पहिल्या वर्षी आणि उरलेल्यांना दुसऱ्या वर्षी संधी द्यावी. म्हणजे पहिल्या वर्षी तुलनेचा गट आपोआप मिळतो आणि कोणाला कायमचे वगळावे लागत नाही. मोजावयाच्या गोष्टी तीन: झोप, कामावरील उपस्थिती, आणि अडचण आली तर कोणाला फोन कराल या प्रश्नाचे उत्तर. शेवटच्या प्रश्नाला ‘कोणालाही नाही’ असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण वर्षभरात किती घटते, ते मला पाहावयाचे आहे.

दर आणि खर्चाचे गणित मी फळ्यावर मांडून दाखवितो. त्याआधी कोणाचे प्रश्न असतील तर घेऊ.